जुना गेम चालवायचा म्हणजे नेमकं काय चालवायचं

१९८३ सालचा 'डिगर' इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकला आणि वेगाला लगाम घातला नाही, तर पहिला पाचू खायच्या आत राक्षस अंगावर येतात. बाणाचं बटण दाबेपर्यंत खेळ खलास. ज्यांच्या आठवणीत हा रमतगमत बोगदे खणण्याचा गेम आहे त्यांना वाटतं, आता आपली बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. बोटांचा यात काही दोष नाही. हा गेम ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरसाठी लिहिलेला होता आणि त्या काळच्या बऱ्याच गेमप्रमाणे त्याचा वेग प्रोसेसरच्या वेगाशी बांधलेला होता. प्रोसेसर वेगवान झाले तसा हा गेम खेळण्याच्या पलीकडे गेला. शेवटी १९९८ मध्ये मूळ गेम उलगडून, त्याचा वेग घड्याळाला बांधून एका चाहत्याने तो नव्याने उभा केला, तेव्हा कुठे तो पुन्हा खेळता आला.

गेमच्या फाइली सांभाळल्या की गेम सांभाळला असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आपल्याला आठवतो त्या गेमचा एक भाग फ्लॉपीवर होता आणि बाकीचा यंत्रात, मॉनिटरमध्ये, साउंड कार्डात आणि खोक्यातल्या छापील कागदांत होता. चार-पाचशे किलोबाइटची झिप फाइल उतरवून घ्यायला काही सेकंद पुरतात. तो उरलेला भाग परत जुळवणं हेच खरं काम, आणि ते जमलं तरच आठवणीतला गेम आणि पडद्यावरचा गेम एकच वाटतो.

सुरुवात वेगापासूनच करावी. २००२ पासून उपलब्ध असलेला 'डॉसबॉक्स' हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधी पीसीवर चालणाऱ्या कार्यप्रणालीचा, इम्युलेटर दर मिलिसेकंदाला किती सूचना चालवायच्या ते 'सायकल्स' या आकड्यावर ठरवतो. ढोबळ हिशोब असा: मूळ पीसी किंवा एक्सटी हवा तर ३०० च्या आसपास, ३३ मेगाहर्ट्झचा ३८६ हवा तर ६,०००, आणि ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ हवा तर २५,०००. काहीच सांगितलं नाही तर साध्या डॉस गेमना डॉसबॉक्स ३,००० देतो, आणि प्रोटेक्टेड मोडमधल्या, म्हणजे सुरू होताना 'डॉस/४जीडब्ल्यू'ची ओळ दाखवणाऱ्या गेमना झेपेल तितका सगळा वेग देऊन टाकतो. १९९० च्या 'विंग कमांडर'सारख्या गेमला यातलं काहीच आपोआप मानवत नाही. तिथे आकडा हाताने बसवावा लागतो. गेम चालू असताना कंट्रोल धरून एफ१२ दाबलं की वेग वाढतो, एफ११ दाबलं की कमी होतो, आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवर चालू आकडा दिसतो. लॅपटॉपवर या बटणांनी भलतंच काही होत असेल तर सोबत एफएन दाबून बघावं. हालचाल योग्य वाटली की तो आकडा त्या गेमच्या स्वतंत्र कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून ठेवायचा. सगळ्या गेमना मिळून एकच सेटिंग ठेवायचा मोह टाळलेला बरा. एकाला बसवलेला वेग दुसऱ्याला हटकून बिघडवतो.

आकडा भरमसाट वाढवल्यावर आवाज तुटक, खरखरीत येऊ लागला तर साउंड कार्डाची सेटिंग उकरू नका. तुमच्या यंत्राला तेवढं इम्युलेशन झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आकडा खाली आणला की आवाज सरळ होतो. आणि सुरू होताहोताच 'रनटाइम एरर २००' दाखवून बंद पडणारे गेम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले असतात. त्या भाषेतला थांबण्याचा वेळ मोजणारा तुकडा सुरुवातीला प्रोसेसरचा वेग तपासतो. प्रोसेसर फार वेगवान असला की भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही आणि प्रोग्राम कोसळतो. तिथेही सायकल्स कमी करणं हाच पहिला उपाय.

आता चित्र. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, आणि चुकलंय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. व्हीजीए या त्या काळच्या ग्राफिक्स कार्डाच्या २५६ रंगांच्या ज्या मोडमध्ये नव्वदीतले बहुतेक डॉस गेम चालायचे, त्यात पडदा ३२० आडव्या आणि २०० उभ्या ठिपक्यांचा असायचा. मॉनिटर मात्र ४:३ आकाराचा. ३२० ला २०० ने भागलं की १.६ येतात आणि ४ ला ३ ने भागलं की १.३३. म्हणजे मॉनिटरवरचा प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच दिसायचा. चित्रकार त्याच मॉनिटरसमोर बसून काढत असल्यामुळे त्यांची चित्रं तो ताण धरूनच काढलेली असत. आज तोच गेम चौरस ठिपक्यांत दाखवला की माणसं बुटकी आणि जाडी होतात, चंद्र अंड्यासारखा होतो. डॉसबॉक्सच्या ०.७४ आवृत्तीत 'ॲस्पेक्ट' हे सेटिंग मुळात बंद असतं, ते चालू करायचं. आउटपुट 'सरफेस'वर असेल तर तुम्ही ठरवलेला खिडकीचा आकार मानला जात नाही, म्हणून ते 'ओपनजीएल' करायचं. 'डॉसबॉक्स स्टेजिंग' या नव्या शाखेत हे प्रमाण आपोआप सांभाळलं जातं.

सगळ्याच गेमना ताणायचं असं मात्र नाही. दुसऱ्या यंत्रावरून पीसीवर आणलेल्या काही गेमची चित्रं चौरस ठिपके धरून काढलेली आहेत, ती ताणली की चेहरे लांबुळके होतात. गेममध्ये नक्की गोल असायला हवी अशी एखादी वस्तू शोधा, नाणं, घड्याळाची तबकडी, गाडीचं चाक, आणि पडद्यावर तिची उंची-रुंदी मोजून बघा. एवढ्याने निकाल लागतो. ताणलेलं चित्र काटेकोर हवं असेल तर १६०० बाय १२०० ठिपके सोयीचे पडतात: प्रत्येक मूळ ठिपक्याला आडवे ५ आणि उभे ६, उरलंसुरलं काही नाही. १०८० ओळींच्या पडद्यावर असा पूर्णांक हिशोब बसत नाही. काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि चित्र सरकलं की लहर उठल्यासारखी दिसते. तिथे कडा किंचित मऊ करणारा शेडर, म्हणजे चित्रावर बसवायचा फिल्टर, लावणं भाग आहे.

शेडरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. व्हीजीए गेमवर जाडजूड काळ्या आडव्या रेघा मारून त्याला जुनं रूप दिल्याचं सर्रास दिसतं. व्हीजीए कार्ड या २०० ओळी प्रत्येकी दोनदा काढून ४०० ओळी मॉनिटरला पाठवायचं, त्यामुळे अशा ठळक रेघा त्या मॉनिटरवर दिसतच नव्हत्या. त्या टीव्हीला जोडलेल्या यंत्रांच्या आठवणी आहेत. हा मोड सेकंदाला ७० वेळा पडदा रंगवायचा, आणि 'डूम'ची कमाल मर्यादा सेकंदाला ३५ फ्रेम आहे, म्हणजे बरोबर निम्मी. आजच्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर ७० हर्ट्झची हालचाल नीट बसत नाही. बाजूला सरकणाऱ्या गेममध्ये दर काही क्षणांनी बारीक हिसका बसतो तो त्यामुळे. मॉनिटरला ७० किंवा त्याहून बराच जास्त वेग जमत असेल तर तो जरूर निवडावा.

आवाजाच्या बाबतीत तर एकाच गेमची तीन-चार वेगळी रूपं लोकांच्या स्मरणात आहेत आणि सगळी खरी आहेत. कुणी पीसी स्पीकरची पिपाणी ऐकली. कुणी १९८७ चं ॲडलिब किंवा १९८९ चं साउंड ब्लास्टर ऐकलं. या दोन्ही कार्डांवर यामाहाची ओपीएल२ चिप होती, नऊ स्वर एकाच वेळी काढणारी, धातूसारखा टणत्कार असलेली. आणि ज्यांच्याकडे रोलँडचं एमटी-३२ हे संगीतयंत्र होतं त्या मोजक्यांनी संगीतकाराच्या मनातलं ऐकलं. सिएरा या गेम कंपनीने १९८८ च्या 'किंग्ज क्वेस्ट ४'पासून या यंत्रासाठी संगीत करून घ्यायला सुरुवात केली. तेच गेम ओपीएलवर ऐकले की त्यातली वाद्यं ओळखूही येत नाहीत.

यातली नेहमीची गडबड अशी होते की माणूस गेमच्या सेटअपमध्ये एमटी-३२ निवडतो आणि आवाज मात्र संगणकातल्या साध्या जनरल मिडीतून काढतो. मग बासरीच्या जागी ढोल आणि ढोलाच्या जागी घंटा वाजते. कारण सरळ आहे. जनरल मिडी, म्हणजे कुठल्या क्रमांकाला कुठलं वाद्य हे ठरवणारं प्रमाण, १९९१ मध्ये आलं. एमटी-३२ चे वाद्यांचे क्रमांक त्याआधीचे आणि वेगळे आहेत. शिवाय गेम सुरू होताना स्वतःची खास वाद्यं त्या यंत्रात भरतो, ती जनरल मिडीला कळतच नाहीत. १९९१ च्या आधीचा गेम असेल तर एमटी-३२ चं इम्युलेशन निवडा, नंतरचा असेल तर जनरल मिडी आणि चांगला साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांचा संच). एमटी-३२ च्या इम्युलेशनला मूळ यंत्राच्या रॉम फाइली (त्याच्या चिपमधल्या मजकुराच्या प्रती) लागतात, त्या नसतील तर निमूट ॲडलिब निवडा. तो आवाज निदान त्या गेमसाठीच बसवलेला असतो.

संगीत ऐकू येतंय पण बोलणं, गोळीबार, पावलं काहीच नाही, अशी तक्रार असेल तर जवळजवळ नेहमी आयआरक्यू किंवा डीएमए, म्हणजे साउंड कार्डाने संगणकाशी बोलायच्या वाटांचा आकडा, चुकलेला असतो. ओपीएल चिपला नुसता पोर्ट पुरतो, म्हणून ती वाजत राहते. ध्वनिमुद्रित आवाजांना मात्र तिन्ही आकडे जुळावे लागतात. डॉसबॉक्समध्ये ते पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ असे असतात. कित्येक गेमचे सेटअप स्वतःहून आयआरक्यू ५ गृहीत धरतात. मग एकच शब्द अडकून पुन्हा पुन्हा वाजतो किंवा गेम गोठतो. सेटअपमधला आकडा हाताने ७ करायचा, काम झालं.

मेमरीची कटकट आज बरीचशी मिटलेली आहे. खऱ्या डॉसमध्ये ६४० किलोबाइटच्या मर्यादेत माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर आणि खुद्द डॉस बसवून वर गेमसाठी ५८० ते ६०० किलोबाइट मोकळे ठेवायचे, ही कसरत असायची. त्यासाठी गेमगणिक वेगळी बूट फ्लॉपी तयार करावी लागे. इम्युलेटरमध्ये ते सगळं आयतं मिळतं. अपवाद 'अल्टिमा ७' सारख्यांचा. १९९२ च्या या गेमचं मेमरी हाताळण्याचं तंत्र स्वतःचं आहे आणि ईएमएस ही जादा मेमरी देणाऱ्या ईएमएम३८६ या ड्रायव्हरशी त्याचं पटत नाही. कॉन्फिगमध्ये ईएमएस बंद केलं की तो चालतो.

खोक्यातल्या कागदांचं मोल मला फाइलींइतकंच वाटतं. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या डॉस आवृत्तीत सुरुवातीचा टप्पा ओलांडला की एका दालनात अक्षरं लिहिलेल्या कुप्या मांडून ठेवलेल्या दिसतात. मॅन्युअलच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर बघायचं आणि त्या अक्षराखालचीच कुपी प्यायची. चुकीची प्यायलात तर जिवाला फटका. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'सोबत १९९० मध्ये पुठ्ठ्याची फिरती चकती यायची: वरचा अर्धा चेहरा आणि खालचा अर्धा चेहरा जुळवून एक समुद्री चाचा बनवायचा आणि खिडकीत दिसणारं साल टाइप करायचं. हा चोरीला अटकाव होताच, पण त्याच वेळी खेळणाऱ्याच्या हातात गोष्टीचा एक तुकडा दिलेला असायचा. नकाशे, पत्रं, बनावट वर्तमानपत्रं यांत कोड्यांची उत्तरं दडवलेली असत. ही पानं स्कॅन न करता नुसत्या फाइली ठेवल्या तर कितीतरी गेम दुसऱ्या टप्प्यापाशी कायमचे अडतात.

फ्लॉप्यांकडे मात्र वेळ फार थोडा आहे. घरात मूळ डिस्का असतील तर त्यांची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीत हुबेहूब प्रत, आधी काढा, गेम खेळणं नंतर. पहिली गोष्ट, डिस्क लिहिण्यापासून सुरक्षित करा. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातलं भोक उघडं म्हणजे सुरक्षित, सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकली म्हणजे सुरक्षित. दोन्हींत नेमकं उलटं आहे, गल्लत करू नका. मग झडप सरकवून, तबकडी हलकेच फिरवून उजेडात बघा. पांढुरके, निस्तेज डाग म्हणजे बुरशी. अशी डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या डिस्कांना ओरखडे पाडते. वाचताना चिरका आवाज आला तर त्या क्षणी डिस्क बाहेर काढा, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसल्याशिवाय दुसरी डिस्क घालू नका.

इमेज काढायला लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' चांगलं. अडलेल्या सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या तुकड्यावर) हटून न बसता ते आधी सोपं सगळं वाचून घेतं आणि मग अवघड जागी परत येतं. तयार फाइलीचा आकार तपासा. १.४४ एमबीची डिस्क असेल तर १४,७४,५६० बाइट, ७२० केबीची ७,३७,२८०, १.२ एमबीची १२,२८,८००, ३६० केबीची ३,६८,६४०. यापेक्षा एक बाइट कमी असली तरी काहीतरी राहिलंय. यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह साधारणपणे साडेतीन इंची पीसी डिस्काच वाचतात. सव्वापाच इंचीसाठी ३४ पिनांचा जुना ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखं छोटं बोर्ड लागतं. हे बोर्ड सेक्टर बघत न बसता पृष्ठभागावरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतं. कॉपी प्रोटेक्शनसाठी मुद्दाम बिघडवलेले सेक्टर असलेल्या डिस्का साध्या इमेजमध्ये येत नाहीत, यात येतात. ३६० केबीची डिस्क १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही, लिहायचं मात्र कधीच नाही. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद आहे आणि जुन्या रुंद पट्ट्यावर अर्धवटच लिहून ठेवतं.

सीडीवरच्या गेमची इमेज आयएसओमध्ये काढली की फक्त डेटाचा ट्रॅक येतो, संगीताचे ट्रॅक मागेच राहतात. 'क्वेक'चं संगीत नेमकं याच कारणाने अनेकांच्या प्रतींत गायब असतं. बिन आणि क्यू अशी जोडी काढा आणि इमेज जोडताना क्यू फाइल द्या. तरी चालत नसेल तर ती क्यू फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत बिन फाइलीचं नाव असतं. कुणीतरी फाइलीचं नाव बदललेलं असतं आणि आतली ओळ तशीच राहिलेली असते.

गंमत अशी की १९८९ चा गेम आज १९९९ च्या गेमपेक्षा सहज चालतो. डॉसचं अख्खं यंत्र इम्युलेटरमध्ये बसलंय, विंडोज ९८ च्या काळातले गेम मात्र मध्येच लोंबकळतात. ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचा प्रोग्राम चालवत नाही. गेम ३२ बिटांचा असला तरी त्याचा इन्स्टॉलर पुष्कळदा १६ बिटांचा असतो आणि तिथेच गाडी अडते. सेफडिस्क या सीडी-तपासणीला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नाहीच, आणि आधीच्या विंडोजमध्ये २०१५ च्या सप्टेंबरमधल्या सुरक्षा अपडेटने तो बंद केला. म्हणजे रीतसर विकत घेतलेली मूळ सीडी हातात असून गेम उघडत नाही. अशा वेळी ८६बॉक्ससारख्या, मदरबोर्डपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत सगळ्याची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरमध्ये विंडोज ९८ बसवणं हा लांबचा पण खात्रीचा रस्ता आहे.

मग येतो हक्कांचा प्रश्न. 'ॲबंडनवेअर' (मालकाने वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर) हा शब्द चाहत्यांत नव्वदीपासून रुळला, पण कायद्यात असा कुठलाही वर्ग नाही. गेम दुकानातून गेला, कंपनी बुडाली, तरी हक्क कुणाकडे तरी असतोच. अमेरिकेत कंपनीच्या नावे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गेमचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०८५ च्या अखेरपर्यंत चालतो. तोवर एकही मूळ फ्लॉपी वाचता येणार नाही. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांनी केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० च्या आधी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेच रीतसर विकत मिळत नाहीत, असं आढळलं. मालक सापडला तर गाठ सुटते. 'सिस्टम शॉक २' करणारी कंपनी २००० मध्ये बंद पडल्यावर हक्क एका विमा कंपनीकडे गेले होते. तिच्याशी बोलणी झाली आणि २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आला. 'नो वन लिव्ज फॉरेव्हर' या २००० सालच्या गेमचं तसं झालं नाही. कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणात कुणाकडे नेमकं काय गेलं हेच ठरेना, आणि पुन्हा काढायला उत्सुक असलेल्यांना माघार घ्यावी लागली.

म्हणून कुठलाही गेम शोधताना आधी बघा की तो विकत मिळतो का. २००८ मध्ये सुरू झालेल्या जीओजी या ऑनलाइन दुकानात डॉसबॉक्ससह बांधून दिलेले कितीतरी गेम आहेत, आणि त्यांतली कॉन्फिग फाइल उघडून आपल्याला हवी तशी बदलताही येते. मग बघा की तो मालकाने मोकळा केलाय का. 'बिनीथ अ स्टील स्काय' २००३ पासून मोफत आहे आणि स्कमव्हीएम या जुने साहसी गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये उत्तम चालतो. 'द एल्डर स्क्रोल्स: अरीना' २००४ मध्ये आणि 'डॅगरफॉल' २००९ मध्ये मोफत झाले. या दोन्ही पायऱ्यांवर काही मिळालं नाही तरच प्रश्न उरतो. संग्रह करणाऱ्यांनी परवानगीची वाट बघत बसावं असं मला वाटत नाही. ते थांबले असते तर आज सांभाळायला काही उरलंच नसतं. पण जो गेम मालक विकतोय तो फुकट वाटणं म्हणजे जतन करणं नव्हे.

सगळ्यात भक्कम जतन मूळ सोर्स कोडमुळे, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरामुळे, होतं. 'डूम'चा कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि इंजिन व डेटा मुळातच वेगळे ठेवलेले असल्यामुळे तो तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक यंत्रावर गेला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा ॲपल २ या संगणकासाठीचा मूळ कोड हरवला असं त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर धरून चालले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात साडेतीन इंची फ्लॉप्यांचा खोका मिळाला. जाणकारांनी त्या वाचल्या आणि त्याच वर्षी तो कोड सगळ्यांसाठी खुला झाला. असे खोके अजून पुष्कळ कपाटांत असणार.

तुमच्या कपाटात निघाला तर एका गेमला एक फोल्डर करा. त्यात डिस्काची इमेज, चालणारा गेम, त्याची कॉन्फिग फाइल, मॅन्युअलचं आणि डिस्कांच्या लेबलांचं ६०० डीपीआयचं स्कॅन, आणि एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. त्या फाइलीत आवृत्तीचा क्रमांक, सायकल्सचा आकडा, चित्र ताणायचं की नाही, सेटअपमध्ये कुठलं साउंड कार्ड निवडलं, आणि कुठला सेक्टर वाचता आला नाही हे लिहा. फोल्डरचं नाव आठ अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या. डॉसला लांब नावं कळत नाहीत आणि इम्युलेटरमध्ये ती तुटून दिसतात. मूळ डिस्का टाकून देऊ नका. आज न वाचलेला सेक्टर दुसऱ्या ड्राइव्हवर वाचला जातो, हे वारंवार घडतं.